मंत्रिमंडळात विरोधक : १९४६ व १९४७ चे दोन प्रयोग

नागरिकशास्त्राच्या पुस्तकातून लोकशाहीची ओळख करून घेताना विद्यार्थ्याच्या मनावर एक चित्र ठसते. सभागृहाच्या एका बाजूस सरकार पक्ष बसतो, समोर विरोधी पक्ष बसतो. एकाने राज्य चालवावे, दुसऱ्याने त्याच्या चुका दाखवाव्यात, आणि निवडणुकीच्या वेळी लोकांनी दोघांचाही न्याय करावा. हे चित्र खरे आहे. पण इतिहासाचे पुस्तक उघडले की दिसते ते असे : १५ ऑगस्ट १९४७ रोजी स्वतंत्र भारताचे जे पहिले मंत्रिमंडळ अधिकारारूढ झाले, त्यात काँग्रेसवर वर्षानुवर्षे कठोर टीका करणारे डॉ. भीमराव आंबेडकर कायदेमंत्री होते, आणि हिंदु महासभेचे पुढारी डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी उद्योग व पुरवठा खात्याचे मंत्री होते. नागरिकशास्त्रातील चित्राचा आणि इतिहासातील या यादीचा मेळ कसा घालावयाचा, असा प्रश्न चौकस विद्यार्थ्यास पडल्यावाचून राहणार नाही. जिंकलेल्या पक्षाने आपल्या विरोधकांस राज्यकारभारात वाटेकरी का करून घ्यावे? विरोधकांनी तरी ते निमंत्रण का स्वीकारावे? आणि असे सरकार टिकते केव्हा व मोडते केव्हा? या तीन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

संख्येची गरज आणि कार्याची गरज

प्रथम एक भेद नीट ध्यानी घेतला पाहिजे. अनेक पक्षांचे मिळून बनलेले मंत्रिमंडळ दोन वेगवेगळ्या कारणांनी अस्तित्वात येते. एकाही पक्षास बहुमत मिळाले नाही, तर दोन किंवा अधिक पक्षांना एकत्र यावेच लागते. ही संख्येची गरज होय. अशा वेळी जो येतो तो आपल्या मतांचे मोल मागून घेतो, आणि देणाराही नाइलाजाने देतो. दुसऱ्या प्रकारात पुरेसे बहुमत असूनही सत्ताधारी पक्ष विरोधकांस बोलावतो, कारण समोरचे काम एका पक्षाच्या आवाक्याबाहेरचे असते. ही कार्याची गरज होय.

१९४७ ची गोष्ट दुसऱ्या प्रकारची आहे. १९४६ च्या जुलैत प्रांतिक विधिमंडळांतून घटना समितीच्या ज्या निवडणुका झाल्या, त्यांत ब्रिटिश हिंदुस्थानातील २९६ जागांपैकी २०८ जागा एकट्या काँग्रेसने जिंकल्या होत्या. फाळणीनंतर तिचे बळ प्रमाणाने आणखी वाढले. म्हणजे काँग्रेसने सर्व खाती आपल्याच माणसांस वाटली असती, तरी तिला अडविणारे कोणी नव्हते.

दुसरी ध्यानात ठेवण्याची गोष्ट म्हणजे सामुदायिक जबाबदारीचे तत्त्व. मंत्रिमंडळाच्या बैठकीत मंत्र्यांनी हवा तितका वाद घालावा. पण निर्णय झाला की तो सर्वांचा. ज्यास तो मान्य होत नाही, त्याने राजीनामा द्यावा. बाहेर येऊन आपल्याच सरकारविरुद्ध भाषणे करण्याची मुभा त्यास नसते. विरोधक मंत्रिमंडळात येतो, तेव्हा या तत्त्वाचे जोखड तोही मानेवर घेतो.

इंग्लंडमधील १९४० चा दाखला

आपल्या देशाकडे वळण्यापूर्वी एक परदेशी उदाहरण पाहणे उपयोगी होईल. दुसरे महायुद्ध सुरू होऊन आठ महिने झाले होते. नॉर्वेतील मोहीम फसली, आणि ७ व ८ मे १९४० रोजी ब्रिटिश कॉमन्स सभेत पंतप्रधान चेंबर्लेन यांच्या धोरणावर कडाक्याची चर्चा झाली. मतदानात सरकारच्या बाजूने २८१ व विरुद्ध २०० मते पडली. सरकार हरले नाही. परंतु दोनशेच्या वर असणारे त्याचे मताधिक्य ८१ वर आले, कारण स्वपक्षाच्याच काही सभासदांनी विरुद्ध मत दिले आणि अनेक जण तटस्थ राहिले. चेंबर्लेन यांनी मजूर पक्षास सरकारात येण्याचे आवाहन केले. मजूर पक्षाने उत्तर दिले की, आम्ही येऊ, पण तुमच्या नेतृत्वाखाली नव्हे. १० मे रोजी विन्स्टन चर्चिल पंतप्रधान झाले. त्याच दिवशी जर्मन फौजा हॉलंड व बेल्जममध्ये घुसल्या.

चर्चिल यांच्या पाच जणांच्या युद्धमंत्रिमंडळात मजूर पक्षाचे क्लेमंट ॲटली व आर्थर ग्रीनवुड हे दोघे होते. कामगार खाते अर्नेस्ट बेव्हिन या कामगार पुढाऱ्याकडे देण्यात आले. नेमणुकीच्या वेळी ते संसदेचे सभासदही नव्हते. आरमार मजूर पक्षाकडे, तर विमानदल उदारमतवादी पक्षाच्या सिंक्लेअर यांजकडे गेले. पदच्युत झालेले चेंबर्लेनही त्याच युद्धमंत्रिमंडळात बसले. मे महिन्याच्या अखेरीस फ्रान्स कोसळू लागला, तेव्हा इटलीच्या मध्यस्थीने तहाची शक्यता अजमावून पाहावी, असे परराष्ट्रमंत्री हॅलिफॅक्स यांचे मत पडले. हॅलिफॅक्स हे चर्चिल यांच्याच पक्षाचे. त्या कसोटीच्या तीन दिवसांत लढत राहण्याच्या बाजूने चर्चिल यांना ठाम पाठिंबा दिला तो ॲटली व ग्रीनवुड या विरोधी पक्षातून आलेल्या दोघांनी. स्वपक्षीयांनी कच खाल्ली असताना परपक्षीय उपयोगी पडावेत, यात विरोधकांस बोलावण्याचे मर्म स्पष्ट दिसते.

हे चर्चिल आपल्या देशाच्या स्वातंत्र्याचे कट्टर विरोधक होते, हे भारतीय वाचक विसरणार नाही. आणि हिटलर शरण येताच ते संमिश्र सरकारही संपले. मे १९४५ मध्ये पक्ष वेगळे झाले, जुलैत निवडणूक झाली, आणि ३९३ जागा जिंकून मजूर पक्षाने चर्चिल यांचा पराभव केला. कार्य एक होते तोवर एकत्र बसले. कार्य संपताच समोरासमोर उभे राहिले. पंतप्रधान झालेले ॲटली यांच्याच कारकिर्दीत भारतास स्वातंत्र्य मिळाले.

पहिला प्रयोग : ऑक्टोबर १९४६

आता आपल्याकडे येऊ. १९४७ च्या मंत्रिमंडळाची योग्यता कळण्यासाठी त्याच्या आधीच्या वर्षी झालेला आणि फसलेला प्रयोग पाहिला पाहिजे.

२ सप्टेंबर १९४६ रोजी दिल्लीत पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या नेतृत्वाखाली हंगामी सरकार स्थापन झाले. मुस्लिम लीग आरंभी बाहेर राहिली. ऑगस्टात कलकत्त्यास भीषण दंगल होऊन गेली होती. दोन्ही मोठे पक्ष एकत्र आले तर देश शांत होईल, या आशेने व्हाइसरॉय वेव्हेल यांनी खटपट केली, आणि २६ ऑक्टोबर रोजी लीगचे पाच सभासद सरकारात आले. लियाकत अली खान यांस अर्थखाते मिळाले. चुंद्रीगर, निश्तर, गझनफर अली खान व जोगेंद्रनाथ मंडल हे इतर चौघे.

कागदावर पाहता ही दोन प्रमुख पक्षांची खरीखुरी जोडी होती. प्रत्यक्षात एका छपराखाली दोन बिऱ्हाडे नांदू लागली. नेहरूंस सरकारचे प्रमुख मानण्यास लीगचे मंत्री तयार नव्हते. नेहरू आपल्या सहकाऱ्यांच्या ज्या अनौपचारिक बैठका घेत, त्यांस ते येत नसत. ९ डिसेंबर १९४६ रोजी घटना समितीचे काम सुरू झाले, तिच्यावरही लीगने बहिष्कार घातला. सरकारात राहावयाचे, पण ज्या राज्यासाठी ते सरकार होते त्याची घटना करण्याच्या कामास हात लावावयाचा नाही, अशी ही स्थिती झाली. अर्थखाते हाती असल्यामुळे इतर प्रत्येक खात्याच्या खर्चाची किल्ली लियाकत अलींकडे होती, आणि आपल्या योजना तेथे अडून पडतात, अशी काँग्रेसच्या मंत्र्यांची तक्रार होऊ लागली. फेब्रुवारी १९४७ च्या अंदाजपत्रकात धंद्यातील एक लाख रुपयांवरील नफ्यावर २५ टक्के कर सुचविण्यात आला, तेव्हा तो आर्थिक समतेसाठी आहे की काँग्रेसच्या पाठीराख्या व्यापाऱ्यांस कोंडीत पकडण्यासाठी आहे, याविषयी मंत्रिमंडळातच संशय उत्पन्न झाला.

येथे सर्व दोष एकाच पक्षाच्या माथी मारणे इतिहासास धरून होणार नाही. प्रांतांच्या गटवारीविषयी कॅबिनेट मिशनच्या योजनेचा अर्थ काँग्रेस व लीग निरनिराळा करीत होते, आणि एकमेकांच्या शब्दावर दोघांचाही भरवसा उरला नव्हता. पण धडा स्पष्ट आहे. एका पक्षास अखंड देशाचे राज्य उभारावयाचे होते, दुसऱ्यास स्वतंत्र राज्य हवे होते. मुक्कामच निराळे असलेल्या दोघांनी एका गाडीस खांदा दिला, तर गाडी पुढे जाण्याऐवजी मोडण्याचाच संभव अधिक. हा प्रयोग वर्षभरही चालला नाही, आणि त्या अनुभवाने फाळणीची कल्पना अनेकांस अपरिहार्य वाटू लागली.

दुसरा प्रयोग : ऑगस्ट १९४७

त्यानंतर अवघ्या काही महिन्यांनी पुन्हा परपक्षीयांस बोलावण्याचे धैर्य काँग्रेसने दाखविले. पंतप्रधानांसह चौदा जणांचे ते मंत्रिमंडळ असे होते : पंडित नेहरू, सरदार पटेल, डॉ. राजेंद्रप्रसाद, मौलाना आझाद, जगजीवनराम, रफी अहमद किडवई, राजकुमारी अमृत कौर व आपले काकासाहेब गाडगीळ हे काँग्रेसचे, आणि डॉ. आंबेडकर, डॉ. मुखर्जी, षण्मुखम् चेट्टी, डॉ. जॉन मथाई, सरदार बलदेवसिंग व सी. एच. भाभा हे सहा जण काँग्रेसच्या बाहेरून आलेले. संरक्षण, अर्थ, कायदा, उद्योग, रेल्वे आणि व्यापार ही खाती या सहा जणांकडे होती. नुसती शोभेची पदे देऊन विरोधकांची तोंडे बंद केली, असे ही यादी पाहून कोणास म्हणता येणार नाही.

यांतील तिघांचा पूर्वेतिहास पाहण्याजोगा आहे. षण्मुखम् चेट्टी हे मद्रासकडील जस्टिस पक्षातील. हा पक्ष काँग्रेसचा जुना प्रतिस्पर्धी. चेट्टी हे कोचीन संस्थानचे दिवाण होते, आणि १९४४ साली ब्रेटन वुड्स येथील जागतिक अर्थपरिषदेस भारताच्या वतीने गेलेल्या मंडळींत ते होते. स्वतंत्र भारताचे पहिले अंदाजपत्रक २६ नोव्हेंबर १९४७ रोजी त्यांनी मांडले. फाळणीमुळे निर्वासितांचे लोंढे येत होते, धान्याचा तुटवडा होता, खजिन्याची वाटणी चालू होती. अशा समयी हिशेब जाणणारा माणूस हवा होता; तो कोणत्या पक्षाचा, हे पाहण्यास सवड नव्हती.

डॉ. मुखर्जी हे कलकत्ता विद्यापीठाचे कुलगुरू होऊन गेलेले विद्वान. बंगालमध्ये फजलुल हक यांच्या मंत्रिमंडळात १९४१-४२ साली त्यांनी अर्थखाते सांभाळले होते. म्हणजे परपक्षीयांबरोबर राज्य चालविण्याचा अनुभव त्यांच्या गाठी होता. त्यांच्या कारकिर्दीत ६ एप्रिल १९४८ रोजी सरकारचे पहिले औद्योगिक धोरण जाहीर झाले.

आणि डॉ. आंबेडकर. आपल्या इंदूरजवळच्या महू छावणीत १४ एप्रिल १८९१ रोजी जन्मलेल्या, बडोदे सरकारच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेत शिकलेल्या या पुरुषाचे काँग्रेसशी वैर जुने होते. १९३२ साली पुणे कराराच्या वेळी महात्मा गांधींशी त्यांचा तीव्र संघर्ष झाला. १९४२ साली शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन हा स्वतंत्र पक्ष त्यांनी काढला, आणि काँग्रेस व गांधीजी यांनी अस्पृश्यांसाठी काय केले याचा जाब विचारणारे पुस्तक १९४५ साली लिहिले. घटना समितीवर ते मुंबई प्रांतातून निवडून येऊ शकले नाहीत, म्हणून बंगालमधून गेले.

परंतु १७ डिसेंबर १९४६ रोजी घटना समितीत त्यांनी जे भाषण केले, त्याने वारे फिरले. उद्दिष्टांच्या ठरावावरील चर्चा लीगची वाट पाहून काही काळ पुढे ढकलावी, अशी उपसूचना बॅरिस्टर मु. रा. जयकर यांनी मांडली होती. तिच्या बाजूने बोलताना आंबेडकर म्हणाले त्याचा आशय असा : आज आपण राजकीय दृष्ट्या विभागलेले आहोत, पण हा देश एक होईल यावर माझा विश्वास आहे, बहुमतास अधिकार असतोच, त्या अधिकाराचा वापर शहाणपणाचा आहे की नाही हे पाहिले पाहिजे, विरोधकांसही बरोबर घेऊन चालण्याची सुरुवात बहुमताने करावी. विरोधकाच्या तोंडून आलेले हे बोल सर्व सभागृहाने शांतपणे ऐकले.

फाळणीने आंबेडकरांची बंगालमधील जागा गेली. तेव्हा घटना समितीचे अध्यक्ष डॉ. राजेंद्रप्रसाद यांनी ३० जून १९४७ रोजी मुंबईचे मुख्यमंत्री बाळासाहेब खेर यांना पत्र लिहून, आंबेडकरांस मुंबईतून ताबडतोब निवडून पाठवावे, असे कळविले; कारण त्यांच्या कामाचा उपयोग घटना समितीस झालेला होता आणि पुढेही हवा होता. बॅ. जयकरांच्या राजीनाम्याने मोकळ्या झालेल्या जागेवर काँग्रेसच्याच मतांनी ते निवडून आले. ऑगस्टात ते कायदेमंत्री झाले. २९ ऑगस्ट रोजी सात जणांची मसुदा समिती नेमली गेली व आंबेडकर तिचे अध्यक्ष झाले. या समितीत आसामचे लीगचे पुढारी सर मुहम्मद सादुल्ला हेही होते. म्हणजे राज्यघटनेच्या मसुद्यावरच निरनिराळ्या पक्षांचे हात फिरले आहेत.

हा प्रयोग पहिल्यापेक्षा निराळा ठरला त्याचे कारण आता सहज दिसेल. आंबेडकर, मुखर्जी व चेट्टी यांचे काँग्रेसशी मतभेद लीगइतकेच कडवे होते. पण मुक्काम एक होता. भारताचे राज्य उभे राहिले पाहिजे, त्यास घटना मिळाली पाहिजे, यावर त्यांचे दुमत नव्हते.

नेमस्त कोणास म्हणावे?

विरोधकांस सरकारात घ्यावयाचे झाल्यास नेमस्त विरोधकांस घ्यावे, असे राज्यशास्त्रावर लिहिणारे सांगतात. महाराष्ट्राच्या इतिहासात 'मवाळ' व 'जहाल' हे शब्द रूढ असल्यामुळे आपला येथे घोटाळा होतो. नेमस्त म्हणजे मिळमिळीत मतांचा, कोणासही न दुखविणारा मनुष्य, असा अर्थ केला तर आंबेडकर नेमस्त मुळीच नव्हते. महाडच्या चवदार तळ्याचा १९२७ सालचा सत्याग्रह करणारा पुरुष मवाळ कसा असेल?

मते कितीही प्रखर असोत, ती अमलात आणण्याचा मार्ग जो सनदशीर ठेवतो, वादात हरल्यावरही जो सभागृह मोडीत नाही, आणि प्रतिपक्षाच्या बोलण्यात तथ्य असेल तर जो ते मान्य करतो, तो या अर्थाने नेमस्त होय. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीतील अखेरच्या मोठ्या भाषणात आंबेडकरांनी स्वतःच बजावले की, घटनात्मक मार्ग खुले झाल्यानंतर कायदेभंगाचे व रक्तपाताचे मार्ग सोडून दिले पाहिजेत. नेमस्तपणा मतांत नसून रीतीत असतो. बोलावणाऱ्याने पाहावयाचा गुण हाच. मिळमिळीत माणसे गोळा केली, तर संख्या वाढेल, सल्ला मिळणार नाही.

बाहेर पडण्याचा मार्ग

या मंत्रिमंडळाची कथा येथेच संपविली, तर ती अर्धीच सांगितल्यासारखे होईल. कारण बाहेरून आलेल्या सहांपैकी तीन प्रमुख मंत्री व एक विख्यात अर्थशास्त्रज्ञ सुमारे चार वर्षांत बाहेर पडले.

करचौकशीच्या यादीतून काही नावे वगळल्याच्या प्रकरणावरून वाद होऊन चेट्टी यांनी ऑगस्ट १९४८ मध्ये राजीनामा दिला. एप्रिल १९५० मध्ये नेहरू व लियाकत अली यांच्यात अल्पसंख्यांकांच्या संरक्षणाविषयी करार झाला. पूर्व बंगालमधील हिंदूंस या कराराने संरक्षण मिळणार नाही, असे डॉ. मुखर्जींचे मत होते. ते व त्यांचे बंगाली सहकारी क्षितीशचंद्र नियोगी या दोघांनी पदत्याग केला, आणि मुखर्जींनी आपली कारणे संसदेत उभे राहून सांगितली. चेट्टींनंतर अर्थमंत्री झालेले डॉ. मथाई यांचे नियोजन मंडळाच्या स्थापनेवरून पंतप्रधानांशी पटेना. तेही त्याच वर्षी गेले. सप्टेंबर १९५१ मध्ये डॉ. आंबेडकरांनी राजीनामा दिला. हिंदु कायद्यात स्त्रियांस वारसा व घटस्फोट यांचे हक्क देणारे हिंदु कोड बिल अर्ध्यावर सोडले गेले, हा त्यांचा मोठा आक्षेप होता. अस्पृश्य वर्गाची उपेक्षा व परराष्ट्रधोरण यांविषयीही त्यांच्या तक्रारी होत्या. मंत्रिमंडळाच्या महत्त्वाच्या उपसमित्यांत आपणास स्थान दिले गेले नाही, अन्यत्र झालेल्या निर्णयांची नोंद करण्यापुरतेच मंत्रिमंडळ उरले, असेही त्यांनी म्हटले. आपले निवेदन आगाऊ दाखविण्याची अट घातली गेली, म्हणून ते सभागृहात न वाचता त्यांनी १० ऑक्टोबर १९५१ रोजी बाहेर प्रसिद्ध केले.

विशेष हे की, बाहेरून आलेल्यांचे आपसातही एकमत नव्हते. ज्या हिंदु कोड बिलासाठी आंबेडकरांनी पद सोडले, त्याच बिलास मुखर्जींनी विरोधी बाकावरून विरोध केला. 'विरोधक' हा एक जिन्नस नव्हे, हेही यावरून शिकावे.

मथाईंच्या जागी आलेले चिंतामणराव देशमुख हेही पक्षकार्यातून वर आलेले नव्हते. कुलाबा जिल्ह्यातील हे मराठी गृहस्थ रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर. मुंबई महाराष्ट्रापासून वेगळी काढण्याच्या निर्णयावरून त्यांनी जुलै १९५६ मध्ये अर्थमंत्रिपद सोडले. हा निर्णय मंत्रिमंडळात रीतसर विचार न करताच घेतला गेला, असा त्यांचा आरोप होता. महाराष्ट्राबाहेर पिढ्यानुपिढ्या राहिलेल्या मराठी घरांतूनही त्या राजीनाम्याची आठवण आदराने काढली जाई. सामुदायिक जबाबदारी म्हणजे नुसती मान डोलावणे नव्हे. निर्णयाआधी विचारले जाण्याचा हक्कही तीत येतो, हे तत्त्व देशमुखांच्या कृतीने ठळक झाले.

मग हा दुसरा प्रयोगही फसला, असे म्हणावयाचे काय? तसे म्हणता येणार नाही. लीगचे मंत्री मतभेद ठेवून आतच राहिले, आणि सरकार आतून दुभंगले. आंबेडकर व मुखर्जी यांनी आत असेतो काम केले, मतभेद असह्य होताच कारणे सांगून दार उघडले व ते बाहेर गेले. सरकार चालू राहिले आणि घटनाही टिकली. हिंदु कोडाचे पुढे चार कायदे होऊन ते १९५५ व १९५६ साली संमत झाले. मुखर्जींनी ऑक्टोबर १९५१ मध्ये भारतीय जनसंघ स्थापन केला, आणि पहिल्या लोकसभेत ते विरोधकांचे एक प्रमुख वक्ते म्हणून गाजले. सन्मानाने आत येणे जितके मोलाचे, तितकेच सन्मानाने बाहेर पडता येणे मोलाचे आहे.

समोरची बाके रिकामी पडली तर?

या पद्धतीवर एक गंभीर आक्षेप घेतला जातो, आणि त्याचा विचार केल्यावाचून विषय पुरा होत नाही. सर्वच कर्ते विरोधक मंत्री झाले, तर सरकारास प्रश्न कोणी विचारावयाचा? शिवाय बोलावणारा पक्ष बलाढ्य असेल तर निमंत्रिताचे नाव वापरले जाते, पण त्याचे ऐकले जात नाही. आंबेडकरांच्या निवेदनातील व्यथा हीच होती.

आक्षेप खरा आहे. त्यावरील उपाय त्याच आंबेडकरांच्या १९४९ च्या भाषणात सापडतो. मसुदा समितीचे काम सुरळीत पार पडले याचे श्रेय त्यांनी काँग्रेस पक्षाच्या शिस्तीस मोकळेपणाने दिले. एका जुन्या विरोधकाने दिलेली ही पावती होय. पण तेवढ्यावर ते थांबले नाहीत. कामत, डॉ. पंजाबराव देशमुख, सिधवा, शिब्बनलाल सक्सेना यांसारख्या जे सभासद पक्षाची चाकोरी सोडून सारख्या उपसूचना आणीत, त्यांचेही त्यांनी आभार मानले. या बंडखोरांनी प्रश्न विचारले नसते, तर घटनेमागील तत्त्वे स्पष्ट करून सांगण्याची संधीच आपणास मिळाली नसती, असे त्यांनी म्हटले. ज्या सरकारात विरोधक बसले आहेत, त्याच्यासमोर तर असे निर्भय टीकाकार अधिकच हवेत.

उपसंहार

दोन्ही प्रयोगांचा आणि इंग्लंडमधील दाखल्याचा विचार करता काही गोष्टी हाती लागतात. विरोधकांस बोलावण्याजोगे काम पक्षाहून मोठे असले पाहिजे, आणि त्या कामाचा मुक्काम दोघांसही मान्य असला पाहिजे. मुक्काम एक नसेल तर १९४६ ची पुनरावृत्ती होते. बोलावणाऱ्याने खरे अधिकार द्यावेत, निर्णयाआधी सल्ला घ्यावा. नुसते नाव मिरवू नये. येणाऱ्याने आपली मते घरी ठेवून येऊ नये, पण सनदशीर रीत सोडू नये. आणि मतभेद असह्य झाल्यास राजीनाम्याचे दार दोघांनीही मोकळे ठेवावे.

यांतील सर्वांत अवघड गोष्ट कायदा शिकवू शकत नाही. काल ज्याने आपल्यावर पुस्तक लिहून टीका केली, त्याच्यापाशी आपल्याजवळ नाही असे ज्ञान आहे, हे मान्य करण्यास मन मोठे लागते. आणि ज्यांच्याशी आयुष्यभर झगडलो, त्यांच्या शेजारी बसून देशाचे काम करण्यास त्याहूनही मोठे मन लागते. राज्यघटना २६ नोव्हेंबर १९४९ रोजी स्वीकारली गेली, ती अशा दोन्ही प्रकारच्या मनांनी मिळून केलेल्या कामाचे फळ आहे. शाळेच्या वादविवाद मंडळात प्रतिपक्षाचा मुद्दा शेवटपर्यंत ऐकून घेणारा विद्यार्थी त्याच कामाची तयारी करीत असतो.

अभ्यासासाठी प्रश्न

१. संख्येच्या गरजेने व कार्याच्या गरजेने बनलेल्या मंत्रिमंडळांतील फरक उदाहरणे देऊन सांगा.

२. १९४६ चे हंगामी सरकार व १९४७ चे मंत्रिमंडळ या दोहोंतही भिन्न पक्षांचे लोक होते. पहिले का दुभंगले व दुसरे का टिकले?

३. डॉ. मुखर्जी, डॉ. आंबेडकर व चिंतामणराव देशमुख यांच्या राजीनाम्यांची कारणे लिहा. त्यांपैकी एकाविषयी आपले मत द्या.

४. 'नेमस्तपणा मतांत नसून रीतीत असतो' या विधानावर दोन्ही बाजूंनी वादविवाद करा.